निवेदन टेबलावर आल्यावर: शिक्षक संघटनेच्या मागण्या आणि मुख्याध्यापकाचं काम

शिक्षकांच्या सह्यांचं निवेदन टेबलावर आलं की पहिला मोह होतो ते फाइलला लावून टाकण्याचा. दुसरा मोह होतो 'हो, करून टाकू' म्हणण्याचा. दोन्ही महागात पडतात. निवेदनातल्या बऱ्याच मागण्या मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या नसतात, आणि ज्या असतात त्या नेमक्या कोणत्या हे शाळेत कुणी कागदावर मांडलेलं नसतं. मागणी कोणाच्या हातात आहे हे ओळखायचं, ती त्या टेबलापर्यंत पुराव्यानिशी पोचवायची आणि तारखेसह उत्तर आणायचं, हे या खुर्चीतलं खरं नेतृत्व आहे. पुढचं सगळं मराठवाड्यातली खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचे सेवानियम वेगळे आहेत, पण निवेदन, बैठक आणि संप यांबद्दलचं बरंचसं तिथंही लागू पडेल.

आपण कुठं उभे आहोत

मुख्याध्यापक एकाच वेळी तीन जागी उभा असतो. तो शाळेचा प्रशासकीय प्रमुख असतो, शाळा समितीचा पदसिद्ध सचिव असतो आणि स्वतः एक कर्मचारीही असतो. त्यालाही तेच वेतन पथक (पगाराची बिलं मंजूर करणारं शासकीय कार्यालय), तीच सेवापुस्तिका आणि सेवाशर्तींचा तोच १९७७ चा कायदा लागू असतो. यातली एक भूमिका विसरली की गडबड होते. फक्त संस्थेचा माणूस म्हणून वागलात तर स्टाफरूम बंद होते. फक्त शिक्षकांचा माणूस म्हणून वागलात तर संस्थाचालक तुम्हाला बाजूला ठेवून थेट लिपिकाशी बोलायला लागतात.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. संघटना स्थापन करणं हा संविधानानं दिलेला अधिकार आहे, त्यामुळे 'संघटनेत जाऊ नका' असं तोंडी सांगणंही चुकीचं. मात्र शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थानं 'कामगार' ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सुंदरंबाळ प्रकरणात सांगितलं. म्हणून कारखान्यात जशी मान्यताप्राप्त युनियन आणि व्यवस्थापन टेबलाला बसून वेतनकरार करतात, तसा करार शाळेत होत नाही. पगार, रजा, पदोन्नती, शिस्त, निवृत्ती हे सगळं महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७, त्याखालची १९८१ ची नियमावली आणि वेळोवेळचे शासन निर्णय यांनी ठरतं. आपण सगळे त्याला नुसतं 'एमईपीएस' म्हणतो. हा कायदा शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोघांनाही लागू आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पैशाची खरी घासाघीस मंत्रालयात आणि पुण्याच्या शिक्षण संचालनालयात होते. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, त्यातला एक आपल्या विभागाचा. मोठ्या मागण्या त्या वाटेनं जातात. शाळेत जी वाटाघाट होते ती मिळालेल्या हक्काच्या अंमलबजावणीची. पगाराचं बिल वेळेत गेलं का, ज्येष्ठता यादी बरोबर आहे का, फरक बिलाचं (पगारातल्या थकलेल्या फरकाच्या बिलाचं) काय झालं, तास कसे वाटले. ही वाटाघाट लहान वाटते, पण माणसं रोज हिच्यावरच चिडतात.

निवेदन येण्याआधीची चार कामं

ज्येष्ठता यादी हे भांडणाचं पहिलं मूळ. नियम १२ प्रमाणे ती अनुसूची 'फ' मधल्या निकषांवर करायची, सगळ्या शिक्षकांना फिरवायची आणि प्रत मिळाल्याची सही घ्यायची. आक्षेप आला तर संस्थेनं त्याचा विचार करायचा, आणि वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठवायचा. बहुतेक शाळांत यादी होते, पण फिरवली जात नाही. मग पर्यवेक्षकपदाची वेळ आली की आठ-दहा वर्षांपूर्वीची चूक एकदम वर येते आणि दोन शिक्षक शाळा न्यायाधिकरणात समोरासमोर उभे राहतात. दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत यादी फिरवा. प्रत्येकाची सही तारखेसह घ्या. मुख्य कस लागतो तो प्रशिक्षण पूर्ण केल्याच्या तारखेवर. बी.एड.च्या निकालाची तारीख आणि नेमणुकीची तारीख दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, म्हणजे शिक्षक स्वतःच पडताळून पाहतो.

दुसरं काम संच मान्यतेचं, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर होतात त्याचं. ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर पदं ठरतात, आणि एक पद गेलं की कुणीतरी अतिरिक्त ठरतो. मराठवाड्यात हे काम सप्टेंबरमध्येच संपलं पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणीकडची ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. एकदा लेकरू आई-बापाबरोबर फडावर गेलं की त्याच्या आधारमधली चूक दुरुस्त करायला माणूस सापडत नाही. चूकही फार मोठी नसते. जनरल रजिस्टरला 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'माउली', किंवा जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे. प्रत्येक वर्गशिक्षकाला त्याच्या वर्गातल्या न जुळलेल्या नावांची यादी १ ऑगस्टला हातात द्या आणि दर शनिवारी किती नावं उरली ते विचारा. यात संघटनेचीही मदत घ्या. शिक्षकाचं पद वाचवणारं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या शासन निर्णयावर राज्यभर जो रोष आहे तो वरच्या पातळीवर लढला जाईल, पण आपल्या शाळेतलं एक पद नुसत्या नावाच्या चुकीमुळे जाऊ नये, एवढं आपल्या हातात नक्की आहे.

तिसरं काम सेवापुस्तिकांचं. वर्षातून एकदा प्रत्येकाला त्याची सेवापुस्तिका दाखवा आणि शेवटच्या नोंदीखाली पाहिल्याची सही घ्या. वार्षिक वेतनवाढ, रजा, बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांची निवडश्रेणी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र यांपैकी एखादी नोंद राहून गेली की ती थेट निवृत्तीच्या प्रस्तावात अडते. बारा वर्षं कुणाला कधी पूर्ण होतात याची यादी करून ती लिपिकाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. शिक्षकानं आठवण करून द्यायच्या आधी प्रस्ताव निघाला तर त्या शाळेत निवेदनं निम्म्यानं कमी येतात, इतकं हे साधं आहे.

चौथं काम शालार्थचं, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीचं. पगार बिल ठरलेल्या तारखेला पुढे पाठवायचं आणि पाठवल्याची तारीख स्टाफरूममधल्या फळ्यावर लिहायची. पगार उशिरा झाला तर विलंब शाळेत झाला की पुढे, हे सगळ्यांना दिसतं. लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्याला देऊन मोकळं होऊ नका. २०२५ साली बोगस शालार्थ आयडीची प्रकरणं उघडकीला आल्यापासून जुन्या मान्यतांचे कागदही तपासले जात आहेत, आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक बिलाखाली जबाबदारी मुख्याध्यापकाचीच असते.

निवेदन आल्यावरचे पहिले दोन दिवस

निवेदन उभ्यानं घेऊ नका. शिष्टमंडळाला बसवा, पाणी द्या, शेवटपर्यंत वाचा आणि आवक क्रमांक टाकून त्यांच्या प्रतीवर पोच द्या. सही, शिक्का, तारीख, वेळ. पोच म्हणजे कबुली नव्हे, त्यामुळे ती द्यायला घाबरायचं कारण नाही. 'सह्या कोणी गोळा केल्या?' हा प्रश्न कधीही विचारू नका. त्या एका प्रश्नानं पुढचे सहा महिने बिघडतात.

त्याच संध्याकाळी एक कोरा कागद घ्या, पाच रकाने आखा आणि प्रत्येक मागणी तिच्या रकान्यात टाका:

पहिला, मुख्याध्यापक: तासिका विभागणी, बदली तास (रजेवरच्या शिक्षकाऐवजी घ्यायचे तास), परीक्षेचं काम, वर्गशिक्षकपद, सभांची वेळ, रजेचे अर्ज, स्टाफरूममधला पंखा.
दुसरा, संस्था आणि शाळा समिती: ज्येष्ठता, पर्यवेक्षकपद, खोल्या, स्वच्छतागृह, पाणी, अंतर्गत बदली.
तिसरा, वेतन पथक: थकबाकी, फरक बिलं, भविष्य निर्वाह निधीचा अग्रिम, खात्याची पावती.
चौथा, शिक्षणाधिकारी किंवा उपसंचालक: वैयक्तिक मान्यता (शिक्षकाच्या नेमणुकीला मंजुरी), अतिरिक्त शिक्षकांचं दुसऱ्या शाळेत समायोजन, वरिष्ठ आणि निवडश्रेणी. आपल्याकडे उपसंचालकांची कार्यालयं दोन आहेत, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर. लातूर, नांदेड, धाराशिव लातूरकडे आणि उरलेले पाच जिल्हे संभाजीनगरकडे. घाईत जोडपत्र भलत्याच कार्यालयाला गेलं की महिना जातो.
पाचवा, शासन: जुनी पेन्शन, टप्पा अनुदान (टप्प्याटप्प्यानं वाढणारं अनुदान), टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), संच मान्यतेचे निकष.

एकाच मागणीचे कधीकधी दोन तुकडे करावे लागतात. 'वैद्यकीय बिलं अडकली' यात अर्धं काम शाळेचं असतं. प्रस्तावाला प्रमाणपत्र जोडलंय का, तपासणी सूची भरलीय का, आणि प्रस्ताव खरोखर गेलाय का? लिपिकाच्या कपाटात पडलेलं बिल पाचव्या रकान्यात ढकललं तर संघटनेला ते दोन दिवसांत कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहत नाही.

तिसऱ्या दिवशी लेखी उत्तर द्या. 'आपल्या निवेदनातील मागणी क्र. १, ४ व ६ बाबत अमुक तारखेस बैठक. मागणी क्र. २ व ३ शाळा समितीसमोर ठेवण्यात येत आहेत. मागणी क्र. ५ वेतन पथकाकडे जावक क्रमांक अमुक अन्वये पाठविली आहे.' एवढं पुरे. 'सर, बघू पुढच्या महिन्यात' हे उत्तर तोंडी देऊ नका आणि लेखी तर मुळीच देऊ नका.

बैठक

वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा, पण अप-डाऊन करणाऱ्यांची शेवटची एसटी कधीची आहे ते आधी पाहा. एसटी चुकवून बसलेला माणूस तडजोड करत नाही. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते तेव्हा बैठक सुटल्यावर लगेच घ्या आणि बारा वाजायच्या आत संपवा. टिनाच्या पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी कुणाचंही डोकं थंड राहत नाही.

संघटनेचे तीन ते पाच प्रतिनिधी, पर्यवेक्षक, लिपिक आणि इतिवृत्त लिहिणारा एक शिक्षक, एवढी माणसं पुरेशी. लिहिणारा दोन्ही बाजूंना चालेल असा असावा. शाळेत दोन-तीन संघटना असतील तर एकीलाच बोलावू नका. एकत्र यायला तयार नसतील तर वेगळ्या बैठका घ्या, पण लेखी उत्तर सगळ्यांना शब्दशः तेच द्या. एका संघटनेला खासगीत काही सवलत सांगितली की ती दुसरीला कळणारच, आणि तेव्हा तुमचं म्हणणं त्यांच्या शब्दांत सांगितलं जाईल.

सुरुवात पहिल्या रकान्यानं करा. तुमच्या हातातली एखादी गोष्ट त्याच बैठकीत सुटली पाहिजे. म्हणून बैठकीच्या आधी आकडे तयार ठेवा. बदली तासांचं उदाहरण घेऊ. प्रत्येक शाळेत हा विषय येतो आणि प्रत्येक शाळेत तो आवाज चढवून बोलला जातो.

समजा दहा तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीला आठवड्याला ४५ तासिका. एकूण ४५० झाल्या. मुख्याध्यापकाच्या ६ आणि पर्यवेक्षकाच्या १८ वजा केल्या की ४२६ उरतात. चौदा शिक्षक असतील तर प्रत्येकी साधारण ३०. आता रजेवर असलेल्यांचे तास या तिसांवर पडतात, आणि ते कुणावर पडतात? समोर दिसेल त्याच्यावर, किंवा 'नाही' न म्हणणाऱ्यावर. बदली तासांची वही बहुतेक शाळांत असते. तारीख, रजेवरचा शिक्षक, वर्ग, तास, बदली शिक्षक, सही. तिच्यात एक रकाना वाढवा: 'या महिन्यातला कितवा'. पर्यवेक्षकानं सकाळी वही उघडली की ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्याकडे तास जाईल. महिनाअखेर सगळ्यांचे आकडे स्टाफरूममध्ये लावा. हा एक रकाना वाढवल्यावर ज्या मागणीवर अर्धा तास भांडण होत होतं ती पाच मिनिटांत मिटते. कारण तक्रार तासांबद्दल असते त्याहून जास्त दुजाभावाबद्दल असते.

इतिवृत्तात भाषण लिहू नका. प्रत्येक मागणीला चार ओळी द्या:

मागणी ३: बदली तासांची विभागणी.
चर्चा: ऑगस्टमध्ये गणिताच्या दोन शिक्षकांना ११ व ९ बदली तास, इतर चौघांना २ किंवा कमी. वही पाहिली.
ठरलं: १ सप्टेंबरपासून कमी आकडा असलेल्याला प्रथम तास. गरोदर शिक्षिकांना आणि निवृत्तीला सहा महिने उरलेल्यांना सूट.
जबाबदारी: पर्यवेक्षक. आढावा: ३० सप्टेंबर.

ज्यावर एकमत झालं नाही ते 'एकमत झालं नाही' असंच लिहा आणि दोन्ही बाजूंची एकेक ओळ द्या. सह्या त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त टाइप करून सह्या मागितल्या की शब्दांवरून नवीन वाद सुरू होतो. हातानं लिहिलेलं चालतं.

ज्या गोष्टीला कायद्यात जागा नाही तिचं वचन देऊ नका, मग शिक्षक कितीही जवळचा असो. नियमात नसलेली रजा, मागची तारीख टाकून घेतलेला अर्ज, मान्यता नसताना दिलेलं पद, यांतली कोणतीही सवलत पुढच्या तपासणीत वसुली होऊन परत येते, आणि वसुली त्या शिक्षकाच्याच पगारातून होते.

एकाच स्टाफरूममध्ये चार पगार

आपल्याकडच्या शाळांत हे सगळ्यात नाजूक आहे, म्हणून थोडं थांबून. एकाच टेबलावर डबा उघडणाऱ्यांत एक शंभर टक्के अनुदानावर असतो. दुसरा टप्पा अनुदानावर पगाराचा काही टक्के भागच घेतो. तिसरा शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधनावर, तीन वर्षांसाठी. चौथा विनाअनुदानित तुकडीवर संस्था देईल त्यावर. काम चौघांचं सारखंच. संघटनेचं निवेदन बहुतेकदा पहिल्याच्या प्रश्नांचं असतं, कारण बोलायला त्यालाच भीती कमी असते.

मुख्याध्यापकानं इथं स्वतःहून पुढे व्हायला हवं. उरलेल्या तिघांसोबत वेगळी बैठक घ्या. ज्यांच्या पगारात तुम्ही काही करू शकत नाही त्यांच्या कामात तरी करू शकता. विनाअनुदानित शिक्षकावर सर्वेक्षणाचं, कार्यक्रमांचं काम ढकललं जातं, ते थांबवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामाला मनाई करतं. ते कलम आदेश काढणाऱ्यांना नम्रपणे, लेखी दाखवायची जागा तुमचीच आहे. टप्पा वाढीचा प्रस्ताव असेल तर त्यातली शाळेची कागदपत्रं पहिल्याच फेरीत पूर्ण गेली पाहिजेत. त्रुटी पूर्ततेसाठी प्रस्ताव परत आला की त्या शिक्षकाच्या घरातलं एक वर्ष जातं.

संस्थेपुढे मागणी नेताना

शाळा समितीत संस्थेचे प्रतिनिधी असतात, ज्येष्ठतेच्या क्रमानं पाळीनं येणारा एक कायम शिक्षक असतो आणि सचिव म्हणून तुम्ही असता. सचिवाचं मोठं बळ म्हणजे विषयपत्रिका. मागणी विषयपत्रिकेवर आली की तिला ठराव लागतो, नाही तर ती चहाबरोबर संपते. मागणी जशीच्या तशी ठेवा आणि सोबत तुमचा अर्ध्या पानाचा अभिप्राय जोडा: वस्तुस्थिती काय, नियम काय, खर्च किती, न केल्यास काय होईल. 'मुलींच्या आणि शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, टाकी आणि जोडणीचा अंदाज सोबत' असं लिहिलं की चर्चा माणसांवरून वस्तूवर येते. शिक्षक प्रतिनिधीला विषयपत्रिका तीन दिवस आधी द्या. तो आयत्या वेळी कागद पाहतो तेव्हा गप्प बसतो आणि नंतर स्टाफरूममध्ये बोलतो.

दबाव दोन्हीकडून येतो. पगारातून संस्थेसाठी ठरावीक रक्कम गोळा करा, कोऱ्या कागदावर सही घ्या, अमुकला गोपनीय अहवालात खाली आणा, असं सांगितलं गेलं तर तोंडी नकार पुरेसा नाही. 'आपल्या सूचनेबाबत नियम कोणता आहे ते कळवावे' असं एका ओळीचं पत्र द्या. बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि सूचनाही पुन्हा येत नाही. आलीच, तर तुमच्या हातात जावक क्रमांक आहे.

संघटनेत पुढे असलेल्या शिक्षकावर कारवाई करायला सांगितलं जातं तेव्हा सगळ्यात जास्त सावध राहा. त्याची खरोखर चूक असेल तर ती घडली त्याच आठवड्यात लेखी विचारणा झालेली असली पाहिजे. आंदोलनानंतर जुने उशिरा येण्याचे दिवस मोजायला बसलात तर तो सूड ठरतो. मोठ्या शिक्षेसाठी नियम ३६ ची चौकशी समिती लागते: एक सदस्य संस्थेचा, एक कर्मचाऱ्यानं निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. निलंबन सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय चार महिन्यांपुढे नेता येत नाही. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नती डावलणं याविरुद्ध कर्मचारी कलम ९ खाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिथं अशी प्रकरणं बऱ्याचदा गुणदोषावर जायच्या आधी कार्यपद्धतीतल्या चुकीवर पडतात. समितीची रचना चुकली, आरोपपत्राची प्रत मिळाली नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाकारली. मागच्या पगारासह कर्मचारी परत येतो आणि तो पैसा संस्थेला द्यावा लागतो. संस्थाचालकांना हे आधी सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे, लेखी सांगणं तर जास्तच.

काळी फीत, धरणे, संप

काळी फीत लावून काम करणाऱ्याला अडवू नका. वर्ग चालू आहे, एवढं पाहा. मधल्या सुट्टीतलं किंवा शाळा सुटल्यानंतरचं धरणे हाही तुमच्या वादाचा विषय नाही. 'असहकार' मात्र नीट वाचा. ऑनलाइन माहिती भरणार नाही असं लिहिलं असेल तर कोणती माहिती, कधीपर्यंत, हे विचारून घ्या. आधार जुळणी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज त्यातून वगळायला सांगा. लेकरांचं नुकसान होणाऱ्या गोष्टी वगळायला संघटना सहसा तयार होतात, फक्त त्यांना आधी विचारलं पाहिजे.

संपाच्या बाबतीत कायदा कडक आहे. २००३ साली रंगराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही असं म्हटलं. तरी संप होतात. १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

नोटीस मिळाली की शिक्षणाधिकाऱ्यांना आणि संस्थेला त्याच दिवशी कळवा. कोण संपात आणि कोण कामावर, हे आदल्या दिवशी विचारा, पण सक्तीनं लिहून घेऊ नका. कामावर येणाऱ्यांच्या संख्येवर वर्ग एकत्र करा आणि लहान वर्ग आधी. शाळा बंद ठेवायचीच वेळ आली तर पालकांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे. तांड्यावरून किंवा दुसऱ्या गावाहून चालत येणारं लेकरू कुलूपबंद फाटकापुढे उभं राहता कामा नये. पोषण आहाराची खिचडी शिजणार का हे स्वयंपाकी ताईंना आणि मामांना आधी सांगा. परीक्षा केंद्र असेल तर पर्यवेक्षणासाठी पर्यायी नावांची यादी केंद्रसंचालक आणि परिरक्षक (प्रश्नपत्रिका सांभाळणारा अधिकारी) या दोघांकडे असावी. शेजारच्या शाळांचीही नावं त्यात घ्या.

हजेरीपटात जे घडलं तेच लिहा. संपावर असलेल्याच्या रकान्यात 'संप' लिहा. मागाहून किरकोळ रजेचा अर्ज घेऊन जागा भरू नका आणि रागानं लाल शाईत शेरेही मारू नका. वेतन कापायचं की तो काळ रजा म्हणून नियमित करायचा, हे वरून आदेशानं ठरतं. तो आदेश येईपर्यंत तुमची नोंद स्वच्छ असली की सगळ्यांचं निस्तरतं. तुम्ही स्वतः संपात जाणार असाल तर कार्यभार, किल्ल्या आणि शालेय रेकॉर्ड लेखी कुणाकडे दिलं ते संस्थेला कळवून जा.

संप मिटल्यावरचा पहिला दिवस अवघड. गेलेले आणि न गेलेले एकाच स्टाफरूममध्ये बसतात. त्या दिवशी सभा घ्या, पण संपावर चर्चा ठेवू नका. विषय एकच: बुडालेले दिवस कसे भरायचे. पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कायद्यानं भरावे लागतात. शनिवारचे जादा तास कोण घेणार याची यादी त्याच सभेत करा. दोन्ही बाजूंची माणसं एका यादीत आली की बोलणं सुरू होतं.

वर गेलेल्या मागण्यांचा पाठपुरावा

वेतन पथकाकडे किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवलेल्या प्रत्येक प्रस्तावाची एक वही ठेवा: विषय, कर्मचारी, जावक क्रमांक, तारीख, त्रुटी, पूर्तता, निकाल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती संघटनेच्या प्रतिनिधीसमोर उघडा. कार्यालयात जाताना नुसतं 'सरांचं बिल' म्हणून जाऊ नका, जावक क्रमांक घेऊन जा. त्रुटी तोंडी सांगितली तर लेखी मागा. तीच त्रुटी तीन प्रस्तावांत आली तर ती लिपिकाला शिकवायची गोष्ट आहे. एकाच तालुक्यातल्या पाच-सहा शाळांचे सारखेच प्रस्ताव अडले असतील तर मुख्याध्यापक संघातर्फे एकत्र जा, सगळ्या प्रकरणांची एका पानाची यादी घेऊन. 'अनेक प्रकरणं प्रलंबित आहेत' या वाक्यानं काही हलत नाही. 'सोबतची २३ प्रकरणं, सर्वात जुनं चौदा महिन्यांचं' या वाक्यानं हलतं.

सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टीईटीचा प्रश्न असाच वहीत घ्यायचा. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे त्यांना दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. निकालावरची लढाई संघटना लढतील. शाळेत मात्र कोणाला तो लागू होतो, कोणाची जन्मतारीख कुठं बसते, कोणी आधीच उत्तीर्ण आहे, याची यादी आजच हवी. पन्नाशीतल्या बाईंना पुन्हा अभ्यासाला बसावं लागतंय, याची लाज वाटू न देता ती यादी करता येते. एकेकाला केबिनमध्ये बोलावून, दार लावून.

ज्येष्ठतेनं पद येत असल्यानं अनेक मुख्याध्यापकांच्या हातात अठ्ठावन्नला पोचेपर्यंत दोन-तीनच वर्षं असतात. त्यामुळे न सुटलेल्या मागण्या पुढच्या माणसाकडे जाणारच. चार्ज देताना इतिवृत्तांची फाइल, बदली तासांची वही, पाठपुराव्याची वही आणि ज्येष्ठता यादीच्या सहीच्या प्रती चार्ज यादीत अनुक्रमांक घालून लिहा, आणि नव्या मुख्याध्यापकाची पहिली बैठक संघटनेच्या प्रतिनिधींसोबत तुम्ही असतानाच घ्या.